दुसऱ्या पाटावरची सुपारी

पूर्णा,
अधिक ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १८६४ (सन १९४२)

चि. सौ. अंबिका हिस पूर्ण्याहून व्यंकटरावांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. गुडघा सोडला तर तब्येतही बरी आहे. उन्हानं जीव नकोसा केलाय. तू पाठवलेली लोणच्याची बरणी आणि चिठ्ठी परवा पोचली. तेल सांडलं नाही. लोणचं झकास आहे. मीठ जरा कमी, पण मी कुणाच्याही हातचं खाऊन असंच म्हणतो, मनावर घेऊ नकोस.

दिनकररावांना सुट्टी मिळाली नाही म्हणून येणं झालं नाही, असं तू लिहिलंस. नोकरी म्हटली की असं व्हायचंच. मी तीस वर्षं इथल्या स्टेशनात खिडकीवर बसून तिकिटं दिली, मला का हे कळत नाही?

तयारी मात्र झाली होती. धोंड्याचा महिना तीन वर्षांनी एकदा येतो, जावयाला बोलवून पुरणाच्या धोंड्यांचं जेवण घालावं, तेहेतीस धोंडे वाण द्यावे. घरात बाईमाणूस नाही. माझी सुमंगला नऊ वर्षांची असतानाच तिची आई गेली, हे तुझ्या कानावर आलं असेल. पुरण शेजारच्या पार्वतीबाईनं शिजवून दिलं, धोंडे मी स्वतः वळले. पहिले सात उकडताना फुटले, सगळं पुरण पाण्यात! मग हात बसला. कमलसाठी चार लहान वेगळे केले. चार वर्षांची झाली ना ती आता? दोन वर्षांपूर्वी, सुमंगलाच्या दिवसकार्याला पाहिली तीच. तेव्हा मांडीवरून उतरायला तयार नव्हती. पोरीला आजोबाचं तोंडही आठवत नसेल.

दोन पाट मांडले, वाकडीतिकडी रांगोळी काढली आणि गाडीच्या वेळेला स्टेशनात गेलो. हिंगोलीची गाडी आली. एकेका डब्यात डोकावलो. माणसं उतरून गेली, मी आपला उभाच. जुनी ओळखीची माणसं विचारतील म्हणून खाली मान घालून घरी आलो, तर पार्वतीबाई दारात! सांगून टाकलं, "लष्कराच्या गाड्या सोडायलेत, हिंगोलीची गाडी रद्द झाली."

शब्द तोंडातून निघतोय तोच स्टेशनातला लिंबाजी पॉइंटमन तुझी बरणी घेऊन हजर. "सायब, हिंगोलीच्या गाडीतनं आलंय. गार्डानं दिलं."

काय करता! म्हातारपणी अशी फजिती.

पार्वतीबाई हसली नाही. आत आली, पाट बघितले. एक रिकामा, दुसऱ्यावर तांदळाची रास आणि त्यावर सुपारी. "ही कशाला वो?" म्हणाली.

आता लिहिलंच पाहिजे. दोन दिवस टाळतोय.

दिनकररावांना मी कार्ड टाकलं होतं. 'तुम्ही आणि कमल, दोघांनीच यावे. सुमंगलेच्या पाटावर सुपारी मांडू.' हे पार्वतीबाईला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. "आवं अण्णासायब, बायको जवळ नसंल तवा सुपारी मांडतेत. त्यांची बायको घरात जित्तीजागती हाय की! तुमी तिच्या जागी सुपारी बशिवली?"

मी तिच्यावर खेकसलो. तुला काय कळतंय, म्हणालो. ती बिचारी निघाली. जेवून जा म्हटलं तर, "जावयाचं ताट हाय, मला नगं," म्हणाली. मग मी एकटाच बसलो, त्या दोन पाटांसमोर. एक धोंडा तुपात बुडवला आणि तसाच ताटात ठेवून उठलो. घरात इतकं रांधलेलं आणि खायला कुणी नाही, असं कुणावर येऊ नये. उरलेलं सगळं लिंबाजीच्या घरी देऊन टाकलं.

अंबिका, कार्ड उघडंच असतं. टपाल तुझ्याच हातात पडलं असणार. ते वाचून तू माझ्यासाठी बरणी बांधलीस आणि वर सुट्टी नाही म्हणून लिहिलंस! अगं, उन्हाळ्यात शाळेला कुलूप असतं. मास्तराला सुट्टी मिळाली नाही, हे कुणाला खरं वाटेल? नवऱ्याचा राग झाकलास आणि माझी लाजही राखलीस.

तुझा राग नव्हता असं लिहिणार होतो. होता. तुझ्या लग्नाला पोटदुखीचं निमित्त सांगितलं, पोट ठणठणीत होतं. कमल तुला आई म्हणायला लागली हे कळलं तेव्हा दोन दिवस दार लावून घरात बसलो. वाटायचं, आता माझी पोर कायमची पुसली. त्या एवढ्याशा जिवाला कुणाला तरी आई म्हणायला नको का, हे माझ्या डोक्यात आलं नाही. चुकलो मी. वडीलधाऱ्यानं असं लिहू नये म्हणतात, पण चुकलो.

महिना सरायला अजून दहा दिवस आहेत. पुन्हा 'या' म्हणायला मला तोंड नाही. म्हणून द्वादशीला सकाळच्या गाडीनं मीच हिंगोलीस यावं म्हणतो. धोंडे करून आणीन. तू आणि दिनकरराव जोडीनं पाटावर बसा, वाण दोघांच्या हातात देतो, कमलला डोळे भरून बघतो आणि संध्याकाळी परत फिरतो. पण तुझी मर्जी असेल तरच. तुझ्या हातचं 'या' एवढं एक अक्षर आल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवणार नाही. नाही आलं तर तुझ्यावर रुसणारही नाही.

आलोच, तर एक आधीच सांगून ठेवतो. माझं ताट वाढू नकोस. पाण्याचा तांब्यासुद्धा पुढं करू नकोस, मी शिवणार नाही. तुझी कूस उजवेपर्यंत तुझ्या घरचं अन्नपाणी मला चालायचं नाही. बापाला लेकीच्या घरचं चालत नसतं.

तुझे,
अण्णा