ईलायजा थॉर्नबीची सव्वीस वर्षे

१ सप्टेंबर २००४, क्लेमेंटी, सिंगापूर. पहाटे ५.३०
आजपासून ग्रंथलेखन. विषय: ईलायजा थॉर्नबी. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली तेव्हा एका छोट्या राज्याचे सचिव. सव्वीस वर्षे एकच खुर्ची. १९६२ साली यांच्यावरचा माझा पीएच.डी.चा प्रबंध लग्नामुळे अर्धा राहिला. आता सबब नाही. रोज चार पाने. पहिले प्रकरण इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेत. संपादक निशिगंधा म्हणाली, "काकू, दोन पानं राखून ठेवते. पंचवीस तारखेच्या आत द्या हं."

४ सप्टेंबर
लेखन शून्य. दोष टेबलाचा. त्यावर नातीचा शाळेच्या प्रकल्पाचा ज्वालामुखी. वाकडा होता. सरळ करण्यात दिवस गेला.

९ सप्टेंबर
मुलाने, सारंगने, युनिव्हर्सिटीतून त्या राज्याचा जाडजूड इतिहास आणला. थॉर्नबींचे नावच नाही! फक्त "सचिवांनी ठराव वाचून दाखवला." संताप. हा अन्याय मीच दूर करणार.
पहिले वाक्य झाले: "थॉर्नबी अत्यंत शिस्तीचे गृहस्थ होते." नातीला, अश्लेषाला, त्यांचे कार्य समजावले. म्हणाली, "ओन्ली कीप पेपर्स? सो बोअरिंग लाह, आजी!" तिचा टीव्ही बंद केला.

१५ सप्टेंबर
निशिगंधाने इतरांचे लेख नजर टाकायला पाठवले. नकारच देणार होते. पण निशिकांतच्या बाली प्रवासवर्णनात तीन पाने विमानतळच. राहवेना. लाल पेन काढले. उद्यापासून थॉर्नबी.

२४ सप्टेंबर
सूनबाई म्हणाली, "आई, चौदा लेख सुधारलेत. तुमचा कुठंय?" हिला कामाची पद्धत कळत नाही. थॉर्नबीसुद्धा जन्मभर दुसऱ्यांचेच ठराव नीट करत. म्हणजे हे संशोधनच. उद्या एका बैठकीत दोन पाने सहज.

२५ सप्टेंबर, रात्री ८
सकाळी पेन्सिलींना टोके केली. दुपारी पंधरावा लेख आला. निशिगंधाचा फोन: "काकू, आता तुमची पानं फराळाच्या जाहिरातीला देते. रागावू नका हं." मीच परवानगी दिली. एवढा विषय दोन पानांत मावत नव्हताच.

१२ नोव्हेंबर
स्मरणिका आली. मधल्या दोन पानांवर चकल्या. शेवटच्या पानावर, तळाला, बारीक अक्षरात: "लेखांवर संस्कार: सारंगच्या आई."
लाल पेन घेतले. खोडून वर लिहिले: शैला खांबेटे, एम. ए.
बाकी दोनशे प्रती सकाळीच वाटून झाल्या होत्या.