दुसरं शिंग

बाई, तुम्ही वर्गात फिरायच्या तेव्हा दोन्ही हात पाठीमागे धरायच्या. आम्हाला आधी वाटायचं, छडी लपवलीय. कार्यानुभवाच्या तासाला कोण छडी आणतं, पण पाचवीच्या पोरांना काय कळणार! आमच्या कामाला चुकूनही लागू नयेत म्हणून ते हात तिकडं असायचे, हे मला फार उशिरा कळलं. माझी कागदाच्या लगद्याची टोपली आठवते का तुम्हाला? रद्दी भिजवून, मेथीचं पीठ घालून, पालथ्या पातेल्यावर थापलेली. वाळून निघाली ती एका अंगाला बसलेली. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "बाई, जरा नीट करून द्या ना." तुम्ही नाही म्हणालात. मी हट्ट धरला तेव्हा चिडलात. "मी हात लावला की ती माझी झाली. मंग तू घरी काय नेणार? माझी टोपली?" सगळा वर्ग हसला. मी आठ दिवस तुमच्यावर रुसलो होतो, तुम्हाला पत्ताही नसेल. त्या टोपलीत आईनं पुढं कित्येक वर्षं लसूण ठेवला. आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या पोरानं केली." ती वाकडी आहे, हे तिला कधी दिसलंच नाही.

मी पुढं तुमच्यासारखाच कलाशिक्षक झालो, भोकरदनकडच्या एका खेड्यात. मीही हात पाठीमागे धरून फिरायला लागलो, तुमची नक्कलच म्हणा. चार-पाच वर्षं नीट पाळलं. मग पोळ्याच्या सुमारास एक गोष्ट घडली, ती तुम्हाला सांगायची राहून गेली.

सहावीत एक मुलगी होती. शेतकऱ्याची, बोलायला कमी. तालुक्याच्या प्रदर्शनासाठी मी पोरांना मातीचे बैल करायला सांगितले होते. सगळ्यांचे बैल उभे, ऐटबाज. हिचा बसलेला, रवंथ करणारा, एक शिंग खाली पडलेलं. मी विचारलं, "शिंग असं का गं?"

"सर, आमच्या बैलाचं तसंच हाय. बसला का त्याच अंगाला मान टाकतो."

मान खरंच तशी टाकलेली होती. दमून घरी आलेलं जनावर जसं बसतं, तसा तो बैल बसला होता. मला ते दिसलं होतं, बाई. दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही. पण मुख्याध्यापक रोज म्हणत होते, "सर, यंदा आपला नंबर आलाच पाहिजे." आणि परीक्षक म्हणून तुम्ही येणार होतात, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. मला तुम्हाला माझा वर्ग दाखवायचा होता.

मधल्या सुट्टीत मी वर्गात एकटाच होतो. माती अजून पुरती वाळली नव्हती, पण बैलाच्या पोटाला बारीक भेग पडली होती. ओलं बोट फिरवून ती बुजवली. तेवढं कुठलाही शिक्षक करतो. मग वशिंड जरा उचललं. मग मान सरळ केली. मग ते पडलेलं शिंग काढून नवीन बसवलं, दुसऱ्याच्या बरोबरीनं. घंटा होईपर्यंत बैल देखणा झाला होता. मुलगी आली, तिनं बघितलं. मीच म्हणालो, "जरासं सारखं केलं फक्त."

प्रदर्शनात तुम्ही तो बैल हातात घेतलात, फिरवून बघितलात. वशिंड मागून अंगठ्यानं दाबून बसवायची खोड तुम्हीच मला लावलेली, आणि तो दाब त्या बैलावर होता. तुम्ही तिला विचारलंत, "तू केलास?" तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. तुम्हाला ते दिसलं की नाही, मला आजही माहीत नाही.

"हो बाई, म्याच केला," ती म्हणाली.

तुम्ही तिला पहिला नंबर दिलात. मी तुम्हाला जालन्याच्या बसपर्यंत सोडायला आलो, तेव्हा पायरीवर पाय ठेवता ठेवता म्हणालात, "पोरगी गुणी आहे. तिला जप बरं का." बस गेली तरी मी तिथंच उभा होतो.

पुढच्या तासाला ती मातीचा गोळा घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "सर, तुमीच करून द्या. मला न्हाई जमत." रुसवा नाही, टोमणा नाही. तिला ते पटलेलं होतं. मी खूप समजावलं, पण तिचा बैल माझ्या बैलापेक्षा चांगला होता, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. वर्ष संपेपर्यंत तिनं मातीला हात लावला नाही. तुमच्याकडं येऊन सगळं सांगायचं ठरवत होतो. प्रदर्शनानंतरच्या दोन महिन्यांत कामानिमित्त तीनदा नवीन जालन्याच्या भागात आलो, तुमचं घर तिथून दहा मिनिटांवर. दिवाळीनंतर निवांत जाऊ, म्हणत राहिलो. दिवाळीआधीच तुम्ही गेलात.

याला वीस-बावीस वर्षं झाली. मी आता आपल्या जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीच्या बाजूला असतो. ती बैलवाली मुलगी इकडंच दिलेली, मला ठाऊक नव्हतं. गेल्या आठवड्यात शाळेत आली. तिची मुलगी पाचवीला, माझ्याच वर्गात. हातात पुठ्ठ्याचं घर, खिडक्यांना रंगीत कागद, कडा अशा की पट्टी लावून बघावी. "सर, हिला न्हाई जमत. सारं वाकडंतिकडं करून राह्यली होती. मंग मीच केलं समदं. चालतंय ना?" आणि हसून म्हणाली, "तुमच्याच हाताखालची हाय मी."

ते राहिलेलं एक वाक्य तेव्हा सांगता आलं असतं. त्या पोरीला विचारता आलं असतं, तुझं वाकडं कुठं आहे, ते आण. मी "छान झालंय" म्हणालो आणि वहीत उत्कृष्ट असा शेरा दिला. पोरगी आईमागे खाली बघत उभी होती. आणि बाई, मला बरं वाटलं. ती माझ्यावर रागावलेली नाही, याचं बरं वाटलं.

हे पत्र तुमच्या मुलीला पाठवायचं मनात होतं. संभाजीनगरचा तिचा पत्ता आहे माझ्याकडं. पण ती भली बाई आहे. वाचून फोन करील आणि म्हणेल, "सर, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात?" मी ते लगेच मान्य करीन. म्हणून नाही पाठवत.