आठ नंबरची रोपं

२ फेब्रुवारी

काम मिळालं! आणि राहायला खोलीसुद्धा. उतरायचं होतं शेवटच्या थांब्यावर, पण बसमध्ये एकजण मांडीवर भिंतीवरचं घड्याळ घेऊन बसला होता आणि ते घड्याळ चक्क उलटं चालत होतं. ते बघता बघता मी त्याच्याच मागे उतरलो. हे माझं नेहमीचंच. घड्याळवाला गल्लीत गडप झाला आणि समोर एका शटरवर कागद: माणूस पाहिजे, राहण्याची सोय आहे.

दुकान पूर्वी चपला-बुटांचं होतं. भिंतींना खालच्या बाजूला, गुडघ्यापर्यंत, आरसे अजून आहेत. चालायला लागलं की आपले पाय आपल्यासोबत निघतात, बाकीचे आपण गायब. मांडण्यांवर पाच, सहा, सात असे आकडे रंगवलेले आहेत आणि बुटांच्या जागी आता रोपं. मातीचा कण नाही! स्पंजच्या तुकड्यांत खोचलेली बोटभर रोपं, ते तुकडे पांढऱ्या पाईपांच्या भोकांत, आणि पाईपांतून खताचं पाणी सारखं फिरतंय. वर जांभळट दिवे. दर्शनी काचेला काळं प्लास्टिक लावलंय, त्यामुळे बाहेर ऊन आहे का ढग, काही पत्ता नाही.

मालकिणीला बाई म्हणायचं, तिनेच सांगितलं. मी दहावीची कहाणी रंगवून सांगणार, तर म्हणाली ते राहू दे, झोप लागते का? भूक कशी आहे? दात दुखतात का? मी म्हटलं, बाई, माणूस ठेवताय का घोडा विकत घेताय? हसली नाही. नखं मात्र बघितली.

संध्याकाळी ताईचा फोन. दिवस भरत आलेत तिचे. महिनाअखेरीला ये म्हणजे ये, म्हणाली, भाच्याला मामा दिसला नाही तर पुन्हा दारात उभा करणार नाही. पायाला भिंगरी लागलीय तुझ्या, एकदा तरी ती माझ्या घराकडे फिरव. शब्द दिलाय मी. थोडे दिवस इथे काम, मग थेट ताईकडे. नावसुद्धा मीच ठेवणार.

४ फेब्रुवारी

बाईचा भाऊही इथेच असतो. मी त्याचं नाव फवारा ठेवलंय, कारण हातात कायम पाणी मारायची बाटली, आणि बोलायला लागला की तोंडातूनही तेच. मला तो ‘ए’ म्हणतो. नाव सांगितलं तर म्हणाला, नाव धरल्यावर ठेवू. म्हणजे काय ते कळलं नाही. विचारलं तर बाईकडे बघून नाक मुरडलं.

बाईने आज काम शिकवलं. आठ नंबरच्या मांडणीवरची रोपं आजारी आहेत, त्यांचं कारण शोधायचं. माझ्या अंगात आलं होतं. दिवा हलवतो, पाणी बदलतो, पंप धुतो, सगळं एकदम. बाईने हात धरला, चांगला घट्ट. म्हणाली, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि थांबायचं, नाहीतर कशाने बरं झालं ते कसं कळणार? आणि जुनं पान बघायचं नाही. पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होत नसतं. नवीन काय फुटतंय ते बघायचं. नवीन चांगलं आलं की रोपाने धरलं.

धरलेली रोपं मागच्या लोखंडी दारातून मोठ्या खोलीत जातात. न धरलेली बादलीत. मी विचारलं, मधल्यांचं काय? फवारा म्हणाला, मधलं म्हणजे उद्याची बादली.

७ फेब्रुवारी

पहिलं कारण मीच शोधलं. दिवे फार उंच टांगले होते. बिचारी रोपं उजेडासाठी माना ताणून ताणून लांबुडकी झाली होती आणि कंबरेत वाकली होती. साखळी खाली घेतली, दुसरं काही केलं नाही, थांबलो. नवीन पानं जाड आणि बुटकी आली. मी नाचलोच. आरशात फक्त माझे पाय नाचत होते, ते बघून मलाच हसू आलं.

फवारा म्हणाला, माकडाला नारळ सापडला.

समोर चाव्या करणारा बसतो. त्याच्याशी दोन शब्द बोलावं म्हणून गेलो, त्याच्याकडे वेड्यावाकड्या चाव्यांची एक सुंदर माळ आहे. पण मी या दुकानातला म्हटल्यावर त्याने पाठ फिरवली आणि कानस घासत बसला. नुसती कानस, तिच्याखाली चावी नव्हतीच.

जेवण अळणी होतं. मीठ मागितलं. बाई म्हणाली, दोन दिवस असंच.

९ फेब्रुवारी

आठ नंबर पुन्हा आजारी. यावेळी मुळं. स्पंज उचलला तर पांढरी हवीत ती मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि वास असा की नको. टाकीत हात घातला, पाणी कोमट. पाण्यात बुडबुडे सोडायचा दगड बंद पडलेला. कोमट पाणी, हवा नाही, मुळं कुजणारच. दगड बदलला. टाकीच्या झाकणाला चीर होती, तिथून उजेड शिरून हिरवं शेवाळ माजलं होतं, पण तिला हात नाही लावला. एका वेळी एकच! बाई म्हणाली, शिकतोयस.

मग एक विचित्र गोष्ट झाली. मोठ्या खोलीतून पाणी परत येतं त्या पाईपाच्या तोंडाला जाळी आहे. ती मुळांनी तुंबली होती. चांगली जाड, गुलाबीसर मुळं, झिपऱ्यांसारखी. कात्रीने कचकन कापली, आणि भिंतीपलीकडे कुणीतरी ‘स्स’ केलं. पोळल्यावर आपण करतो तसं.

फवाऱ्याने कात्री हिसकावली आणि कानाखाली ठेवून दिली. माझ्या! मी पण सोडलं नसतं, पण बाई मध्ये आली. आत पंप आहे, म्हणाली, पंपाचा आवाज.

पंप मी रोज ऐकतो. पंप स्स करत नाही.

१२ फेब्रुवारी

माझ्या खोलीतला बल्ब काढून जांभळट दिवा लावलाय. आपोआप लागतो, आपोआप विझतो. तक्रार केली तर बाईने माझी खालची पापणी ओढून आत बघितलं, मग जीभ बघितली, मग नखं. शेवटी भावाला म्हणाली, उजेडाने फरक पडला. मी तिथेच उभा होतो. माझ्याशी कुणी बोललं नाही.

मीठ परत आलंय. प्यायच्या पाण्याची चव बदललीय, जिभेला जराशी चिकटते.

ताईला फोन करायचा होता. चार्जर सापडत नाही.

१४ फेब्रुवारी

आज टाकीमागे बसून झाकणाची चीर काळ्या पट्टीने बुजवत होतो. मी दिसत नव्हतो. दोघं मांडणीपाशी बोलत होते. मला वाटलं आठ नंबरबद्दल.

फवारा म्हणाला, अजून फिकाच दिसतो. बाई म्हणाली, तू जुनं बघतोस रे दादा, नखांच्या मुळाशी बघ, नवीन किती गुलाबी येतंय. फवारा म्हणाला, पण पाय राहत नाहीत याचे एका जागी, आधीच्याचेही राहत नव्हते, शेवटी मानेत मोडला. बाई म्हणाली, आधीच्याला आपण सगळं एकदम दिलं, ती चूक होती. याला एकेकच देतेय. आता पाणी चाललंय, मग हवा.

रोप मानेत मोडतं म्हणजे बुडाशी दोऱ्याइतकं बारीक होऊन एका सकाळी आडवं होतं. मी बघितलंय.

मीठ. दिवा. पाणी. एका वेळी एकच.

आठ नंबरच्या रोपांचं कारण ते शोधतच नव्हते. ती मला गुंतवून ठेवायला आजारी पाडत होते. कारण शोधायचं होतं ते माझं.

१५ फेब्रुवारी

सरळ निघालो. पिशवी खांद्याला, शटरपाशी. कुलूप आतून. फवारा स्टुलावर बसून नखं कापत होता. जायचंय म्हटलं. म्हणाला, जा की. कुलूप उघडेना. चावी मागितली. म्हणाला, अजून धरलं नाहीस, इतक्यात हलवलं तर मरशील, चांगलं सांगतोय. शटरवर लाथा घातल्या, चाव्यावाल्याला हाका मारल्या. पलीकडून कानशीचा आवाज येत होता, तो वाढला. मुद्दाम वाढला.

बाईने हात मागे धरले. तिच्या हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. माझा फोन तिच्या खिशात आहे. तो तिने चार्ज करून ठेवलाय. दोनदा वाजला.

ताई, मी निघालो होतो गं.

१६ फेब्रुवारी

डोकं थंड ठेवून विचार केला. बरा दिसलो तर मोठी खोली. आजारी दिसलो तर बादली. मधेच राहायचं. आज जरा बरा, उद्या जरा फिका. महिनाअखेरीपर्यंत कुठेतरी फट सापडेलच, एवढे दिवस तर असंच ढकलता येतील.

पाणी पीत नाही. पेला खाटेमागे ओततो. गाल आतून चावून ठेवतो म्हणजे चेहरा ओढलेला दिसतो.

खोलीच्या दाराखालून पंख्याची हवा सोडलीय. ओली, कोमट. छान वाटते, तेच वाईट आहे.

१८ फेब्रुवारी

पाणी पीत नाही तरी तहान नाही. कळत नाही कसं — सकाळी पाहिलं तर खाटेमागे ओतलेलं पाणी नव्हतं. फरशी कोरडी. माझे पाय त्या बाजूला, खाटेवरून खाली लोंबत होते. तळवे ओले.

मी पायांनी —

आरशापाशी गेलो. पायच तेवढे दिसतात तिथे. बोटांच्या बेचक्यांतून पांढरे धागे. बारीक, स्वच्छ, कुजलेले अजिबात नाहीत. एक उपटून बघितला.

स्स.

भिंतीपलीकडेही झालं. त्याच वेळी.

२० फेब्रुवारी

गाल चावून उपयोग नाही. जखमा लगेच भरतात. केस दाट झालेत. बाई रोज दारात उभी राहून बघते, अशी तृप्त बघते — शिव्या घातल्या तिला, येतात तेवढ्या सगळ्या. म्हणाली, आवाजही सुधारला.

फवारा मला ‘ए’ म्हणत नाही आता.

२२ फेब्रुवारी

शटर उघडं होतं. सताड. कुणीच नव्हतं तिथे. ही फट, हीच!

पळालो. रस्ता, माणसं, एक पोरगी सायकल शिकत होती. थांब्यावर बस उभी, दार उघडं. एक पाय पायरीवर ठेवला. पायरी कोरडी. लोखंड तापलेलं. बेचक्यांतून असं काही चटकलं, वर मानेपर्यंत — चालक ओरडला, चढ नाहीतर हो बाजूला. हवा किती पातळ आहे बाहेर, तुम्ही लोक कशी घेता? ताईचं घर त्याच रस्त्याने. मला माहीत होतं. चढायचं होतं मला.

बस गेली.

परत येताना चाव्यावाल्याने पहिल्यांदाच वर बघितलं. रडत होता.

शटर मीच खाली ओढलं. आतून.

२३ फेब्रुवारी

बाई बाळा म्हणाली.

लोखंडी दार उघडलं. दिवे. पाईप मोठे आहेत, भोकंही मोठी. ओळीने आहेत सगळे. कुणी मान वळवली नाही. नंतर सवय होते, फवारा म्हणाला, मऊ आवाजात. बाटलीने माझ्या तोंडावर पाणी मारलं. बरं वाटलं.

दिवस कळत नाही

पाय आत. डावा हातही. उजवा लिहायला बाहेर ठेवलाय, तो सुकतोय. बोटं पाण्याकडे वळतात, पेन आहे म्हणून जात नाहीत. पेन सोडायचं नाही. पेन आहे तोवर मी —

शेजारचा कुजबुजतो. नाव विसरलाय स्वतःचं. मी माझं म्हणून बघितलं. आलं. ताईचं पण आलं.

फोन वाजतोय. बाईने समोर आणून धरलाय. ताईच आहे, घे, म्हणते. झालं असेल, मुलगा की मुलगी, एवढं तरी विचार तिला. हसतेय. मला माहितीय ती का हसतेय. घ्यायला पेन खाली ठेवावं लागेल, आणि हात एकदा रिकामा झाला की तो फोनकडे नाही जाणार, तो सरळ