धामणगावचं तिकीट

नाचणगाव,
रविवार

प्रिय गुंजन,

दीड वर्षं मी तुझ्याशी फोनवर खोटं बोलत आले. तू विचारायचीस, "आई, कशी आहेस?" आणि मी बाबांचं वजन, बाबांची सूज, बाबांचं जेवण सांगून फोन ठेवायची. आज सरळ कागदच घेतला. लिहिताना आवाज भरून आला तरी कुणाला कळत नाही.

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळच्या गाडीने वर्धा. चार तास बाबा डायलिसिसच्या मशीनवर, चार तास मी बाहेर बाकावर. डॉक्टरांच्या सांगण्यावरून दिवसभरात पाणी फक्त तीन पेले. ज्या माणसाने तीस वर्षं भर उन्हात विजेच्या खांबांवर चढून काम केलं, त्याच्या हातातला पेला मी हिसकावून घ्यायची. ते माठाकडे वळले की लहान लेकरावर ओरडावं तशी ओरडायची. हळूहळू ते बोलेनासे झाले. मग मे महिन्यात एक दिवस म्हणाले, "बस झालं. आता मले नाई जाचं." दोन पाळ्या चुकवल्या. पाय सुजले, धाप लागायला लागली.

पुढचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दुसरी पाळी चुकवली त्या दुपारी त्यांचा डोळा लागला आणि मी बाहेरून कडी घालून निघाले. अंगावर घरचीच साडी. पाय पुलगाव स्टेशनकडे वळले. खिडकीतल्या माणसाने "कुठलं?" विचारलं आणि तोंडातून धामणगाव निघालं. तिथे आपलं कोण आहे? कोणीच नाही. धामणगावला उतरून फलाटावरच्या बाकावर तासभर बसले. गुंजन, तो तास मला फार आवडला. हे खरं आहे. मग परतीची गाडी आली आणि मी चढले.

घरी बाबा पलंगावर उठून बसले होते. "कुठं गेलती?" "बाजारात," मी म्हटलं. हात तर रिकामेच होते. मी शेजारच्या अश्वजितला ऑटो काढायला लावला आणि त्यांना वर्ध्याला नेलं. नाही म्हणायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

त्या दिवशी दवाखान्यात वर्षाली भेटली. समुपदेशक आहे, तुझ्याच वयाची. बाबांचं काही विचारेल म्हणून मी फाइल पुढे केली. तिने ती बाजूला ठेवली आणि म्हणाली, "काकू, काल तुम्ही काय जेवल्या?" मला आठवेना. किती आठवलं तरी आठवेना. तिथेच बसून रडले.

पेशंट मशीनवर असताना त्यांच्या घरच्यांना ती शेजारच्या खोलीत बसवते. देवळीच्या शकुबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मी त न्हाणीत नळ सोडून रडतो माय." ते ऐकून माझ्या तोंडून धामणगावचं निघून गेलं. वाटलं, आता सगळ्या तोंड फिरवतील. शकुबाईंनी विचारलं, "चहा तरी पेली काय तिथं?" आणि सगळी खोली हसली. मीही हसले, किती महिन्यांनी!

पुढे वर्षालीने आम्हा दोघांना एकत्र बसवलं. बाबा म्हणाले, "ही बाजारात गेली नोती, मले माहीत होतं. कडीचा आवाज आलता. वाटलं, गेली. अन् खरं सांगू का, बरं वाटलं. सुटली म्हटलं बिचारी."

मी म्हटलं, "सुटाचं नोतं हो मले. जरासं बसाचं होतं."

दोघंही रडलो, परक्या पोरीसमोर. शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मंग एक कर. पाण्याचा पेला माह्या हातात दे. मोजाचं काम माह्याकडे." एवढंच हवं होतं त्यांना, आणि मला ते कधी विचारावंसं वाटलं नाही.

तेव्हापासून एकही पाळी चुकलेली नाही. मंगळवारी ते शकुबाईंच्या नवऱ्यासोबत, म्हणजे कवडूभाऊंसोबत जातात, मी अंगणवाडीत. हो, मी परत रुजू झाले! आजार गेलेला नाही, जाणारही नाही. काही दिवस वाईट येतात, भांडणंही होतात. पण मागच्या महिन्यात जे झालं ते ऐक. कारंज्याचा सूरज म्हणून तिशीतला माणूस पहिल्यांदा आला होता. भीतीने सुई टोचू देईना, उठून निघालाच. बाबांनी मोकळ्या हाताने त्याला जवळ बोलावलं. मशीनसाठी ऑपरेशन करून त्यांच्या हातात जोडलेली शीर रक्त वाहताना घुमते ना, तिच्यावर त्याची बोटं ठेवली. म्हणाले, "पाह्य, करंट चालू हाय का नाई? मी लाईनमन हो. लाईन चालू हाय तवर भ्याचं नाई." पोरगा हसला आणि शेजारच्या खाटेवर जाऊन झोपला. आता नवीन पेशंट आला की सिस्टर आधी बाबांना हाक मारते. शुक्रवारी सकाळी तुझे बाबा शर्टाला इस्त्री करून निघतात!

आता मुद्द्याचं. काल काजलचा फोन आला होता. तुझ्या मैत्रिणीवर रागावू नकोस. तू राजीनामा लिहून ठेवलायस, कायमची इकडे यायचं ठरवलंयस, हे तिने सांगितलं. बाळा, तो कागद फाडून टाक. आमच्यासाठी तू तुझं सगळं सोडलंस, तर उद्या तुलाही एखाद्या अनोळखी स्टेशनवर जाऊन बसावं लागेल. मला तुझी नोकरी नको. मला तुझे चार दिवस हवे आहेत. दिवाळीनंतर मी, शकुबाई आणि आणखी दोघी चिखलदऱ्याला जातोय. एसटीची चौकशी बाबांनीच केली. तेवढे दिवस तू बाबांसोबत राहा, मंगळवारी त्यांच्यासोबत वर्ध्याला जा. आजवर मी कुणालाच "ये, मला मदत कर" म्हटलं नव्हतं. तुला म्हणतेय. ये.

तुझीच,
चार दिवसांच्या रजेवर निघालेली
आई