उंटीण

९ जानेवारी

शेडचं कुलूप शेवटी तोडलंच. किल्ली कुठे गेली देव जाणे. आत उंटीण — पोट जमिनीला टेकून बसलेली. धूळ इतकी की बोटाने पत्ता लिहावा आणि पाठवून द्यावी कुणाला तरी.

गाडीचं हे नाव हिनेच ठेवलेलं, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. लोकांच्या गाड्या नुसत्या उभ्या असायच्या, आमची बसायची! चाकांवर स्प्रिंगा नाहीतच. चार लोखंडी गोळे, प्रत्येक अर्धा वायूने भरलेला, अर्धा तेलाने. रात्रीत तेलाचा दाब उतरला की गाडी हळूहळू खाली टेकायची. सकाळी इंजिन सुरू केलं की आधी मागचं अंग उचलायची, मग पुढचं. "उठली बघा तुमची उंटीण," ही खिडकीतून म्हणायची.

पाठीच्या ऑपरेशननंतर हिचे पाय गेले, त्याला दोन वर्षं होतील. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा दोन माणसांनी उचललं, कपडे सरकले, सगळी गल्ली उभी राहून बघत होती. त्या दिवशी हिने जे ठरवलं ते ठरवलं — "मला आता कुणी उचलायचं नाही." मी सोडून. तेव्हापासून ही घराबाहेर पडलेली नाही. म्हणजे मीही नाही.

काल ही खाटेवरून चाकांच्या खुर्चीत सरकत होती. मदत नको असते त्याला. हात अजून दणकट आहेत, आणि खाट नि खुर्ची एका उंचीची आहे. बघता बघता वाटलं — गाडीच खुर्चीच्या उंचीला आली तर?

१० जानेवारी

माझी पाठ धरली. बाकी काही नाही.

१२ जानेवारी

मुलीचा फोन. "बाबा, ते भंगार देऊन टाका हो! हल्ली खुर्चीसकट आत घेणाऱ्या गाड्या मिळतात. मागून फळी, सरळ आत." हिने फोन माझ्या हातातून घेतला. "डब्यात डबा ठेवतात तशी मी मागे बसून जाणार नाही. जाईन तर पुढच्या सीटवर, माणसासारखी." आणि फोन ठेवला. मुलगी बोलत होती अजून.

म्हणजे जायचं मनात आहे तर! दोन वर्षांत पहिल्यांदा कळलं.

१७ जानेवारी

पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात हयात गेली. दाब, झडपा, नळ — सगळं कागदावर. हातात पाना धरला नाही कधी. आज उंटिणीच्या पोटाखाली ठोकळे सरकवून, कुशीवर आडवा होऊन टॉर्चने पाहिलं. नळ्यांचं जाळं! ओळखीचं वाटलं आधी, मग अगदीच अनोळखी. शाळेतली पाठ असलेली कविता चाळीस वर्षांनी पुस्तकात पुन्हा वाचावी तसं — चाल आठवते, शब्द भलतेच निघतात.

उठता येईना. हिला हाक मारून उपयोग नव्हता. बराच वेळ तसाच पडून राहिलो. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

२२ जानेवारी

माणूस मिळाला. केशकर्तनालयातल्या आणि दातांच्या डॉक्टरांकडल्या वरखाली होणाऱ्या खुर्च्या दुरुस्त करतो. गल्लीत सगळे खुर्चीवालाच म्हणतात. वाहनांचं येतं का विचारलं. "काका, तेल वर ढकलतं, तेल खाली सोडतं. खुर्ची काय नि गाडी काय! हिला फक्त चाकं आहेत एवढंच."

हे ऐकून विश्वास बसायला हवा होता की उडायला, कळलं नाही. ठेवून घेतला.

२९ जानेवारी

गोळे मेले होते चारही. आतला वायू कधीच गेलेला. जुन्या गाड्यांचं सामान ठेवणाऱ्या एका दुकानातून मागवले. पंपाच्या वाद्या कुजल्या. तेलाची टाकी काढून धुतली. खाली गाळ बसला होता, चहाच्या चोथ्यासारखा.

खुर्चीवाला फार बोलतो. हात थांबत नाहीत म्हणून चालतं.

४ फेब्रुवारी

हिची धाकटी बहीण फोनवर. दोन तासांच्या अंतरावर राहते, एकटीच, रोपवाटिका चालवते. मागच्या वर्षी आठ दिवस येऊन राहिली होती. बहिणीचा हात हिला चालतो. परक्या बाईचा चालत नाही — दोन बायका कामाला ठेवून झाल्या, दोघी रडून गेल्या. ते आठ दिवस मी दुपारी झोपायचो! मग तिकडे रोपं वाळायला लागली, गेली बिचारी.

दोघी तासभर बोलत होत्या. मी खोलीत गेलो की हळू.

११ फेब्रुवारी

लिहायला हात वळत नाही. सकाळी हिची आंघोळ. पाटावर उचलून ठेवायची, पुन्हा उचलून घ्यायची. आज मध्येच कंबरेत चमक आली, खाली टेकवता टेकवता दोघंही भिंतीला लागलो. तिला काही झालं नाही. तिने डोळे मिटून घेतले होते, बाकी काही नाही. मी "झालं, झालं" म्हणत राहिलो.

गाडीकडे गेलोच नाही.

१९ फेब्रुवारी

काय केलं मी!

या यंत्रणेचं तेल वेगळं असतं, हिरवं. खुर्चीवाला दुपारी जेवायला गेला होता. टाकीत थोडं कमी दिसलं म्हणून मी ओतलं. मनात नदीची ती कविता घोळत होती — शाळेत गुरुजी डस्टरने टेबलावर ताल धरून म्हणवून घ्यायचे ती. तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळ काही केल्या येत नव्हती. ओळ आठवली तेव्हा डबा रिकामा झाला होता. आणि डबा ब्रेकच्या साध्या तेलाचा होता. पिवळा! इंजिन चालू होतं. ते तेल पार शेवटच्या नळीपर्यंत गेलं.

खुर्चीवाला आला, बोट बुडवून वास घेतला. रिकामा डबा फिरवून पाहिला. मग म्हणाला, "काका, या तेलाने रबर फुगतं. जिथे जिथे रबर आहे तिथे तिथे. सगळी यंत्रणा उघडावी लागणार."

"सगळी?" मी म्हणालो, आणि त्या कवितेच्या ओळीचंही सांगून टाकलं.

"कविता आठवली का निदान?"

हिला सांगितलं. रागवेल वाटलं होतं. रागवली असती तर बरं झालं असतं. "होतं असं," म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे केलं.

२० फेब्रुवारी

ती ओळही पुन्हा विसरलो.

६ मार्च

धुणं चालू आहे. उघडायचं, पुसायचं, नवी कडी घालायची, बंद करायचं. रबराच्या कड्या फुगून मऊ पडलेल्या, दाबल्या की बोटाला चिकटतात. खुर्चीवाला कामाला येतो आणि मुक्कामालाही आल्यासारखा बसतो. आज हिच्या खोलीच्या खिडकीखाली बसून कड्या मोजत होता.

"काकू, तुमच्या साहेबांनी गाडीला विष पाजलं होतं, मी पोट धुतलं."

"माझ्याही पोटात त्यांच्या हातचं जेवण जातं दोन वर्षं," ही आतून. "मी अजून जगतेय. ती पण जगेल."

१४ मार्च

उठली! इंजिन सुरू करून तरफ वर ओढली. आधी काहीच नाही. मग मागून एक लांब सुस्कारा, आणि मागचं अंग वर — मग पुढचं. मी शेडच्या खांबाला धरून उभा राहिलो.

आता खुर्चीवाल्याची कलाकुसर. मूळ रचनेत इंजिन चालू असेल तरच गाडी वर येते, आणि तेव्हा सगळी थरथरते. ही सरकणार कशी? म्हणून त्याने मालट्रकच्या मागच्या उचलफळीचा विजेवरचा पंप बसवायचा ठरवलं आहे. इंजिन बंद, गाडी स्थिर, बटण दाबलं की वर, दुसरं दाबलं की खाली.

आणि त्यातली गंमत मला आज हिशेब मांडताना कळली. आत बसताना गाडीची सीट खुर्चीपेक्षा चार बोटं खाली ठेवायची. उतरताना चार बोटं वर. म्हणजे जाताना उतार, येतानाही उतार! आयुष्यात असं कुठे असतं?

हिला सांगायला धावत गेलो. ऐकलं. "घसरायला खाली काय घालणार?" एवढंच. फळी! मी फळीचा विचारच केला नव्हता.

१६ मार्च

फळीसाठी माझा नकाशे काढायचा पाट कापला. गुळगुळीत, न पिंजणारं लाकूड. कापताना वाईट वाटेल वाटलं होतं, पण घामच इतका आला की बाकी काही वाटलं नाही.

२३ मार्च

पहिली चाचणी. खुर्चीवाला स्वतः आजारी माणूस झाला — हिच्या खुर्चीत बसला, पाय लुळे सोडले. ही खिडकीत, खाटेवरून हुकूम सोडत. "पाय आधी नाही, बूड आधी! बूड!"

फळीवरून अर्धा सरकला, आणि घात झाला. वजन आलं की उंटीण जराशी दबते, आणि दोन क्षणांनी स्वतःला सावरून पुन्हा आपल्या उंचीला येते. हा तिचा गुण आहे, रस्त्यावर. इथे तो मध्येच असताना ती खालून उठायला लागली, पार खुर्चीच्याही वर! फळी उलट्या बाजूला कलली. खुर्चीवाला घसरत परत खुर्चीत, खुर्चीचा ब्रेक सुटलेला, खुर्ची अंगणातल्या उतारावरून थेट पाण्याच्या पिंपावर.

आणि ही हसली. खिडकीचे गज धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत!

"काकू, हाड मोडलं असतं माझं!"

"मोडलं असतं तर जोडीने फिरायला गेलो असतो!"

मी तिच्याकडे बघत राहिलो. हा आवाज घरात होता, हेच विसरलो होतो.

१ एप्रिल

प्रत्येक गोळ्याच्या तोंडाशी एकेक झडप घातली. बंद केली की तेल आत नाही, बाहेर नाही. वजन येवो की जावो, गाडी दगड. वाळूची पोती सरकवून बघितली. मग खुर्चीवाला पुन्हा. मग मी.

मी सीटवर बसलो आणि उठलोच नाही. मऊ आहे अजून. खुर्चीवाल्याने दार लावून घेतलं आणि घरी गेला. जाग आली तेव्हा ऊन पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं आणि ही हाका मारत होती — किती वेळ, कोण जाणे. धावलो. बिछाना ओला. चादर बदलली.

१२ एप्रिल

आज गेलो!

खुर्ची दाराशी लावली. गाडी खाली घेतली, झडपा बंद. फळी ठेवली. खुर्चीवाल्याला हिने शेडच्या मागे पाठवलं. मग मला म्हणाली, "हात मागे बांधा."

"अगं पण घसरलीस तर —"

"हात मागे. आणि तिकडे बघा."

शाळेत पाठांतराला उभा राहायचो तसा उभा राहिलो, भिंतीकडे तोंड करून. मागे लाकडाचा आवाज. थांबला. श्वास. पुन्हा लाकूड. भिंतीवर एक कोळी चालला होता, तो वर पोचेपर्यंत मी श्वास घेतला नाही. मग पायांचा आवाज — एक पाय हातांनी उचलून आत ठेवल्याचा, मग दुसरा.

"झालं."

वळलो. पुढच्या सीटवर बसून आरशात केस नीट करत होती.

तळ्यापर्यंत गेलो आणि काठाकाठाने आलो. उंटीण खड्ड्यांवरून अशी जाते की खड्डा मागे पडल्यावर कळतो. माझ्या डोक्यात कवितांची गर्दी — एकही धड पूर्ण येईना, सगळ्यांची पहिली कडवी. मोठ्याने म्हणत सुटलो. ही खिडकीबाहेर बघत होती. दुकानं, झाडं, शाळेतून सुटलेली पोरं, सगळं वाचल्यासारखं बघत होती.

एकदाच विचारलं, "लांबचा पल्ला झेपेल का हिला?"

"लांबचा? अगं, जगाच्या टोकाला नेईन!"

"एवढं नको," म्हणाली.

घरी आल्यावर गाडी चार बोटं वर घेतली. उतारावरून खुर्चीत आली, माझा हात न लागता.

१५ एप्रिल

बाहेर निघताना हिच्या मांडीवर पिशवी होती. मला वाटलं औषधं. तळ्यापाशी म्हणाली, वळू नका, सरळ चला. दोन तास सरळ.

बहीण फाटकात उभीच होती. मी डिकीतून खुर्ची काढली; ही फळीवरून उतरली, खुर्चीत नीट बसली, आणि तिच्यादेखत मला सांगितलं — "मी इथे राहणार आहे. ही माझी बहीण आहे, हिने उचललं तर मला काही वाटत नाही. तिकडे तुम्ही माझे हमाल झालात. मला नवरा हवाय. रविवारी भेटायला या. दाढी करून या."

परत येताना शेजारची सीट रिकामी होती. घरी आलो, दुपारभर झोपलो. कुणी हाक मारली नाही.

आज बुधवार.