पिना मारलेली पानं

प्रिय बेबीनंदा,

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी दोन पानांना तिन्ही बाजूंनी पिना मारल्या होत्या, आठवतं? मधल्या सुट्टीत तू ती पानं फुगवून आत डोळा लावलास आणि ओरडलीस, “प्रिया, आत बैलाचं तोंड आहे गं!” गर्भाशयाचं चित्र होतं ते. दोघींना तासभर व्हरांड्यात उभं केलं, तरी आपलं हसू थांबेना.

तू नर्स झालीस, तुला ती पानं उघडता आली. मी जालन्यात कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलची रेक्टर झाले आणि तशाच पिना मारत राहिले. धावड्याची मोनिका एम.ए.ला होती. दारात येऊन म्हणायची, “मॅडम, पोटात लई दुखून राह्यलं.” मी म्हणायचे, “होतं असं बायकांना,” आणि माझी गरम पाण्याची पिशवी द्यायचे. तीनदा दिली. चौथ्यांदा मैत्रिणींनी तिला रिक्षात घालून नेलं. अंडाशयावर गाठ होती, तिला पीळ पडला होता; ते एक अंडाशय काढावं लागलं. परत आल्यावर तिने पिशवी धुऊन, पुसून माझ्या टेबलावर ठेवली.

त्यानंतर आरोग्याच्या पाहणीसाठी विद्यापीठाची माणसं आली. नाव न घालता मुलींनी प्रश्न विचारावेत म्हणून एक पेटी लावून गेली. किल्ली माझ्याकडे. तीन वर्षं मुली चिठ्ठ्या टाकत राहिल्या, मी कुलूप काढलं नाही. परवा काढलं. ‘पांढरं गेल्याने हाडं झिजतात का?’ ‘दर चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाते, पाळी पुढे ढकलायची गोळी दर महिन्याला चालते का?’ ‘गाठ लग्नानंतर आपोआप जिरते का?’ ही गाठीची चिठ्ठी लिहिणारी कोण, आता कुठे असेल, कसं शोधू?

सोमवारी मला संभाजीनगरला दाखल करणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठ महिने आधी यायला हवं होतं. कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून तुला लिहिते. मी परत आले नाही तर मी जपून ठेवलेलं विज्ञानाचं ते पुस्तक मोनिकाला दे. ती आता भोकरदनला मुलींना शिकवते. पिना काढल्या आहेत. गरम पाण्याची पिशवी कुणालाच देऊ नकोस. पेटी तुला. प्रत्येक चिठ्ठीचं उत्तर ठळक अक्षरात लिहून होस्टेलच्या फळ्यावर लाव. आठ महिन्यांपूर्वीची एक चिठ्ठी वर ठेवली आहे, ‘पाळी जाऊन नऊ वर्षं झाली, ती परत येऊ शकते का?’ अक्षर तू ओळखशील. तिचं उत्तर सगळ्यांत आधी लाव.

तुझीच, अजून व्हरांड्यात उभी असलेली,
प्रियदर्शनी