गुरुवारची बाटली

सोमवार, २ डिसेंबर १९४६

छातीत घरघर आहे. डॉ. टिपणिसांनी नळी लावून दुजोरा दिला. क्षय आहे की नाही, ते मात्र अजून ठरलेलं नाही. बातमी अपुरी — पण छापण्याजोगी!

दवाखान्यात जाताना वही-पेन्सिल हातात धरली होती. लोकांना वाटावं, पेपरवाला चौकशीला आलाय. बाकावर लोधिवलीचा भिवाजी, पाय सुजवून बसलेला. "पेपरवालं, तुमी बी आजारी पडता?" म्हटलं, बातमीसाठी आलोय. आणि लगेच असा खोकलो की वही खाली पडली. "बातमी लय जोरात हाय," म्हणाला. सगळा बाक हसला. हसता हसता मी पुन्हा खोकलो.

औषधाला बाटली घरून न्यायची असते. मी घाईत शाईची दौत नेली! कंपाउंडर हसनभाईंनी दोनदा विसळली. तरी औषध निळंच.

मंगळवार, ३ डिसेंबर

जीभ निळी झाली. ही म्हणाली, "आता बोललात तरी छापल्यावानी दिसंल."

बुधवार, ४ डिसेंबर

पुन्हा दवाखाना. बेडका तपासायला मुंबईला पाठवायचा आहे. हसनभाई दर गुरुवारी पहिल्या गाडीने औषधं आणायला जातात, तेच नेतील. डॉक्टरांनी झाकणाची छोटी बाटली दिली. "सकाळचा पहिला खोकला. तोंडातली थुंकी नको, छातीतलं हवं." गुरुवार चुकला तर आठवडा गेला.

क्षय निघाला तर? विचारलं. वर्षभर अंथरूण, वेगळी खोली, वेगळं ताट, लिहिणं बंद. आमच्या भिसेगावच्या घरात खोली एकच. वेगळं राहायचं तर मला शेजाऱ्यांकडे जावं लागेल, आणि शेजाऱ्यांबद्दल मी दोनदा छापलेलं आहे.

गुरुवार, ५ डिसेंबर

दीड महिना न बोलावता येणारा खोकला आज बोलावला तर येईना! गरम पाणी प्यालो. अंगणात उड्या मारल्या — पन्नाशीच्या माणसाने! शेवटी बिडी ओढली. बाटली कोरडी ती कोरडीच. गाडीला अर्धा तास उरला.

ही चूल फुंकत होती. फुंकता फुंकता खोकत होती. हिचा खोकला दोन हिवाळ्यांचा. धुराचा, असं मीच ठरवून टाकलेलं. म्हणाली, "आवं, मला लागंल तेवढा हाय. देऊ का माझाच?"

आधी हसलो. मग घड्याळ पाहिलं.

अंक छापायला निघाला आणि जागा रिकामी राहिली, की दुसऱ्या गावच्या मजकुराची पट्टी आपल्या गावाच्या नावाने लावायची — ही आमची जुनी विद्या. बाटली भरली. वर माझं नाव घातलं. धावत स्टेशनवर जाऊन हसनभाईंच्या हातात दिली.

खरं लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय? मला वेळेची घाई होती त्याहून जास्त भीती होती. धुराच्या खोकल्यात काय सापडणार? मी कागदोपत्री निरोगी ठरणार. इतकंच हवं होतं.

रविवार, ८ डिसेंबर

खोकला उतरला. घरघरही कमी. निळं औषध भलतंच गुणकारी. यापुढे दौतीतूनच घ्यावं!

गुरुवार, १२ डिसेंबर

दुपारच्या गाडीला स्टेशनवर गेलो. हसनभाई उतरले ते माझ्याकडे न बघता. मग बाजूला घेतलं. "जंतू सापडलेत. बरेच आहेत. घाबरू नका, पण आजपासून ताट वेगळं करा."

मी सवयीने विचारलं, नक्की? कोणाच्या नावावर?

"तुमच्याच. मी स्वतः वाचलं." खांद्यावर हात ठेवला. मला वाटतं, इतक्या वर्षांत माझ्याशी इतकं हळू कोणी बोललं नसेल. आणि तेही चुकीच्या माणसाशी.

घरी आलो. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. हिने तोंडाकडे पाहिलं.

"त्यो माझा व्हता ना?"

मी मान डोलावली.

उठली. मांडणीतून स्वतःचं ताट, स्वतःचा तांब्या काढला, मागच्या दाराशी नेऊन ठेवला. "आता भाकर तुमी थापा. बघू तरी, गोल होती का!" हसायला लागली. हसण्याचा खोकला झाला. तो बराच वेळ चालला. चूल विझलेली होती. धूर कुठेच नव्हता.

शुक्रवार, १३ डिसेंबर

तीस वर्षांत चूकदुरुस्ती कधी दिली नाही. आठाला दवाखाना उघडेल. डॉक्टरांना सांगून कागदावरचं माझं नाव खोडून घ्यायचं, तिथे हिचं घालायचं. मग ते माझा खरा बेडका मागतील, तोही द्यायचा. ही चांगलं लुगडं नेसून दारात उभी आहे. म्हणते, वही घरीच ठेवा.